वॉर्डातली थप्पड

सिस्टरने आजोबांना मारलं, ते अख्ख्या वॉर्डाने पाहिलं. म्हातारा पुन्हा सलाइनची सुई उपसून बसला होता, चादर रक्ताने माखली होती आणि जोडीची नर्स त्या दिवशीही आली नव्हती. सिस्टरचा हात उठला. गालावर बोटं उमटली. मग तिनेच सुई नीट लावली, चादर बदलली आणि मागच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

चौकशी लागली. घरी नवऱ्याने उत्तर तयारच ठेवलं होतं.

"सरळ सांग, एका बाईवर सगळा वॉर्ड टाकलात, मग दुसरं काय होणार? माणूस आहे, यंत्र नाही."

"खरंय ते."

"मग झालं तर!"

"पण कोपऱ्यातल्या खाटेवरचा तो पैलवान रोज शिव्या घालतो. त्याच्यावर नाही उठला हात. दमलेली तर तेव्हाही असते."

नवऱ्याने हात झटकले. मग म्हणाला, "हरिश्चंद्राची नात लागून गेलीस."

चौकशीत मेट्रनबाईंनी तिचीच बाजू घेतली. माणसं कमी पडतात, एवढ्यावर प्रकरण मिटलं. बाहेर आल्यावर सिस्टरने त्यांनाही पैलवानाचं सांगितलं.

"ते तुझ्यापाशीच ठेव," मेट्रनबाई डोळे चोळत म्हणाल्या. "तुला घरी बसवलं तर उद्या वॉर्ड कोण बघणार? मी?"

आजोबांची लेक भेटायला आली, तेव्हा सिस्टरने तिला जिन्यातच गाठलं.

"ताई, मी तुमच्या वडिलांवर हात उचलला. चुकलं माझं."

लेक पिशवी खाली ठेवून पायरीवरच बसली. "मी काय बोलू? घरी मीही मारलंय त्यांना. भाऊ फिरकत नाहीत. नोकरी सांभाळून एकटीने किती करायचं?" मग हळूच म्हणाली, "भावांमुळेच झालं ना हो हे?"

'हो' म्हटलं असतं तर दोघींचाही भार उतरला असता. सिस्टरला ते म्हणवेना.

"भावांनी यायला हवं," ती म्हणाली. "आणि आपण मारायला नको होतं."

लेकीने पिशवी उचलली आणि वर गेली. पुढे ती सिस्टरशी कामापुरतंच बोलली.

सिस्टरने वॉर्ड बदलून मागितला नाही. जोडीला कुणी द्या म्हणून मात्र मेट्रनबाईंचं डोकं खाल्लं. शेवटी अर्ध्या दिवसापुरती एक नवी नर्स मिळाली. तेवढंच.

आजोबांना झालं-गेलं आठवत नव्हतं. तरी ती खाटेशी आली की त्यांचा हात आपसूक गालावर जायचा. ती औषधांचा ट्रे धरून उभी राहायची. मागून कुणी ना कुणी हाका मारत असायचं.

"आले हं," ती म्हणायची, आणि तो हात खाली येईपर्यंत तिथेच थांबायची.