गोवेकराचा बुधवार

तिकडे अमेरिकेत गोऱ्यांची आपसात जुंपली आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या दिवसांतली ही गोष्ट. अमरावतीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्यांमागे गाड्या, आणि बैलांच्या शिंगांना चक्क चांदीच्या शेंब्या! काल ज्याला कोणी ओसरीवर टेकू देत नव्हतं, तो आज पागोटं तिरपं करून मुंबईच्या दलालाशी बरोबरीनं बोलत होता. गावाची पाचही बोटं तुपात होती. अशा गावात एक मुलगा दर बुधवारी उपाशी झोपत होता, आणि वर लोक त्याच्या पाया पडत होते. हसू नका, आधी ऐका तरी.

मुलाचं नाव सगुण. राहणारा फोंड्याजवळच्या बांदोड्याचा, म्हणजे गोव्याचा, फिरंगी राजाच्या मुलखातला. त्याचा मामा मुंबईच्या एका कापूसवाल्याचा कारकून होऊन अमरावतीला आला होता. गावात इंग्रजीची नवी शाळा निघाली तशी त्यानं भाच्याला बोलावून घेतलं. दोन वर्षं घासलंस की तारऑफिसात चिकटशील, म्हणाला. सगुण निघाला. नाक्यावर फिरंगी शिपायाला परवाना दाखवला, गलबतात ओकला, आगगाडीत घाबरला, बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेतली आणि एकदाचा पोचला. पोचला तेव्हा मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं.

आल्या आल्या मामानं त्याला बजावलं होतं, "इथं मासळीचं नाव काढू नकोस. या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही. ब्राह्मण मासे खातो म्हटलं की पाण्याचा तांब्याही कोणी द्यायचं नाही." एवढं शहाणपण शिकवून मामा पहिल्याच उन्हाळ्यात पटकीनं गेला. सकाळी होता, संध्याकाळी नव्हता.

परत जावं तर कोणत्या तोंडानं? बाप गावात सांगून बसला होता की मुलगा इंग्रजी शिकून साहेबाच्या हाताखाली लागणार. परीक्षेला अजून वर्षभर होतं. हेडमास्तर भला माणूस. त्यानं ब्राह्मणांच्या सात घरी मुलाचे वार लावून दिले. सोमवारी एकाकडे जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याकडे, असा आठवडा लावायचा. गरीब विद्यार्थी तेव्हा असेच शिकत, त्यात लाज नव्हती. पण सगुणला प्रत्येक उंबऱ्यावर लाज वाटायची. घरांची नावंसुद्धा त्याच्या मनात टिकली नाहीत. सोमवार रागीट, मंगळवार बहिरा, गुरुवारची बायको हात आखडून वाढणारी, अशी त्याची ओळख.

रविवार तेवढा बरा होता. रविवार म्हणजे अडतीचा धंदा करणारे वामनराव आणि त्यांची बायको दुर्गाबाई. मूलबाळ नसलेलं घर. दुर्गाबाई भरपूर वाढायची, "लाजू नको, जेव" म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायची. भाकर तिखटाशी खाताना पोराच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिला वाटायचं, ठेचा झोंबला. पोराला आठवत असायचा घरचा उकडा भात.

शाळेतही तेच. पोरं त्याला फिरंगी म्हणायची. एकदा घाईत तो "काय?" ऐवजी "कितें?" म्हणून गेला, तर महिनाभर वर्गात "कितें, कितें" चाललं होतं. तेव्हापासून त्यानं तोंडच मिटलं. मामा गेल्यावर त्या अख्ख्या मुलखात त्याची बोली समजणारा एक जीव उरला नव्हता. विहिरीवर जाताना तो स्वतःशीच कोंकणीत पुटपुटायचा, आपला आवाज विसरू नये म्हणून. कोणी समोरून आलं की खोकल्याचं सोंग करायचा.

आणि मग बुधवार गेला. म्हणजे बुधवारचं घर. आगगाडी येणार, अकोल्याला मोठा बाजार होणार, अशी हवा उठली आणि बुधवारवाले बिऱ्हाड गाड्यांत घालून अकोल्याला चालते झाले. पोराला सांगायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही. तो नेहमीसारखा धोतर झटकून गेला, तर दाराला कुलूप.

आता शहाणा मुलगा काय करील? दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना सांगेल, की बुधवार रिकामा झाला, दुसरं घर बघा. पण शहाणपण आणि भूक एका घरात नांदत नाहीत. सगुण मामाच्या जुन्या खोलीवर परतला आणि दारात बसून राहिला. समोर पार्बताबाई राहायची, कुणब्याची विधवा, जिभेनं फटकळ आणि मनानं मोकळी. ती सरकी निवडत बसली होती.

"जेवाले नाई गेले काय आज, महाराज?"

पोराचा अभिमान कुठून उसळून आला देव जाणे. "आज उपास आहे," तो म्हणाला.

"बुधवारचा? अन् फराळाले काय खाता?"

फराळाला त्याच्याजवळ शेंगदाणाही नव्हता. "काही नाही. कडक आहे."

"अऽ बाप्पा! एवढ्याशा वयात!" पार्बताबाईनं तिथूनच हात जोडले.

झालं! बाई दुसऱ्या दिवशी विहिरीवर गेली, आणि विहिरीवर गेलेली गोष्ट गावात गेलीच म्हणून समजा. गोव्याचा विद्यार्थी बुधाचं कडक व्रत करून राहिला, विद्येसाठी. पुढच्या बुधवारी तर माघार घ्यायचीही सोय राहिली नाही. हेडमास्तरांनी वर्गात त्याचं उदाहरण दिलं, आणि कितें म्हणणारी पोरं गप्प झाली. गुरुवारी मात्र तो अन्नावर असा तुटून पडायचा की गुरुवारची बायको नवऱ्याला म्हणे, "एवढं व्रत करतो, पण मेल्याची वासना काही जात नाही."

श्रावणात वामनराव म्हणाले, "तुझा बुधवारही आम्हीच घेणार होतो बघ. पण तुझं व्रत!" आणि मोठ्या कौतुकानं त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. सगुण हसला. खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून तो हमसून हमसून रडला.

भुकेची सवय होते. पोट दुपारी आरडाओरडा करतं आणि मग थकून गप्प बसतं. पण बुधवार लांब असे. बाकीच्या दिवशी निदान कोणीतरी "बस, जेव" म्हणायचं. बुधवारी व्रतस्थाला त्रास नको म्हणून शाळेतही कोणी हाक मारत नसे. पार्बताबाईही आवाज न करता सरकी निवडायची. दिवसभर बाजारातून गाड्यांचा, हमालांचा गलबला ऐकू यायचा आणि त्यातलं एकही बोलणं त्याच्यासाठी नसायचं. घरी आता नारळ पाडत असतील, बहीण काय करत असेल, एवढं मनात आलं की त्याला धावत सुटावंसं वाटायचं.

मार्गशीर्षात कापसानं वामनरावांचं घर भरून टाकलं. एका रविवारी दुर्गाबाई म्हणाली, "एवढे बुधवार केलेस, उद्यापन केल्याशिवाय फळ नाही मिळत. आमच्या घरी करू. खर्च आमचा, पुण्य तुझं. तुझी सगळी घरं जेवायला बोलावते. आणि झालं की बुधवार माझा. ऐकून राहिला ना?"

सगुणनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. नाही म्हणावं तर का म्हणून? हो म्हणावं तर देवासमोर खोटं. पण खरं सांगितलं तर सहाही दारं बंद होणार, परीक्षा बुडणार, आणि मामा गेला त्या सालाइतकंच हेही साल वाया जाणार. उलट एकदा तोंड दाबून उद्यापन उरकलं की आयुष्यभर कोणी विचारणार नाही, आणि बुधवार, अख्खा जेवता बुधवार, पदरात. तो हो म्हणाला. तुम्ही आम्हीही हेच म्हटलं असतं.

बुधवार उजाडला. वामनरावांच्या घरी पुरणाचा वास थेट रस्त्यापर्यंत येत होता. बुधवार सोडून सोमवारपासून शनिवारपर्यंत सगळी घरं पागोटी बांधून हजर. पार्बताबाईही अंगणात येऊन बसली होती, आपणच हे व्रत जगाला सांगितलं या तोऱ्यात. सगुणला मानाच्या पाटावर बसवलं. दुर्गाबाई पूजेचं ताट घेऊन आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"काकू, बरं नाही का?" त्यानं हळूच विचारलं.

"उपास आहे माझा. कालपासून पाणीही नाही घेतलं," ती म्हणाली. "तू इतके काढलेस, म्हटलं तुझ्या नावानं आपण एक तर काढावा."

या एका वाक्यानं पोराचा घात केला. गावाला फसवणं सोपं होतं. गाव म्हणजे कोण? पण ही बाई त्याच्या खोट्यासाठी कालपासून कोरडी होती.

भटजींनी त्याच्या ओंजळीत पाणी घातलं. नाव विचारलं, गोत्र विचारलं. मग म्हणाले, "हं, कोणती इच्छा धरून व्रत केलं, ते मोठ्यानं म्हणा. मंडळींना ऐकू द्या."

विद्येसाठी, एवढंच म्हणायचं होतं. कालपासून तो तेच घोकत होता. बोटांतून पाणी ठिबकायला लागलं.

"बुधवारी मला कोणी जेवायला बोलावत नव्हतं," सगुण म्हणाला. "ते घर अकोल्याला गेलं. मला सांगायची लाज वाटली. उपास खरे होते. व्रत नव्हतं."

भटजींनी पळी खाली ठेवली. मग एकच गिल्ला झाला. "खोटारडा!" सोमवार ओरडला. "अहो, आम्ही पाया पडलो याच्या!" वामनरावांचं तोंड लालबुंद झालं होतं. "सगळ्या अमरावतीचं नाक कापलंस तू. या सालात, या गावात विद्यार्थी उपाशी, असं लोक म्हणतील की नाही?" अंगणात पार्बताबाई पदर तोंडाशी धरून "माय वं, माय वं" करत होती.

दुर्गाबाईनं ताट खाली ठेवलं. "तोंड शिवलं होतं काय रे तुझं? रविवारी माझ्याच घरी येत होतास ना?"

"येत होतो, काकू. तुम्ही वाढत होता." तो म्हणाला. "पण विचारलं कोणी नाही. भुकेचं काही नाही हो. बुधवारी सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्याशी कोणी एक शब्द बोलत नाही. मी आहे की नाही, हेच मला कळेनासं होतं."

दुर्गाबाई एक पाऊल पुढं आली. मग म्हणाली, "ऊठ." तो उठला. तिनं मानाचा पाट उचलला. लोकांना वाटलं, हाकलते. ती मात्र पाट घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली. "पाहुण्यासारखं बाहेर नको बसू. चुलीशी बस, घरच्या पोरासारखा."

आता गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण एकदा फुटलेला बांध कुठं ऐकतो?

"काकू, आत नका नेऊ," तो म्हणाला. "आमच्या घरी मासे खातात. मीही खाल्लेत."

यावर कोणी ओरडलंसुद्धा नाही. सोमवार आणि शुक्रवार उठले, पागोटी सावरत, उंबऱ्यावर पाय आपटत निघून गेले. ते वार गेले, हे सगुणला तिथंच कळलं. दुर्गाबाई पाट हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. खोटं कशाला सांगा, तिच्या तोंडावर शिसारी आली, आणि ती त्यानं पाहिली. तो वळून चालायला लागला.

"थांब," ती म्हणाली.

तिनं पाट उंबऱ्याच्या बाहेर ठेवला. आतून पान वाढून आणलं आणि त्याच्या अंगाला हात लागणार नाही असं पुढं सरकवलं. "आत नाही घेता येणार तुला. माझ्यानं नाही होणार ते." मग ती उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, त्याच्यासमोर खाली बसली. वामनराव "अगं" म्हणाले. तिनं तिकडे बघितलं नाही.

"घरी कोण कोण आहे तुझ्या?" तिनं विचारलं.

सगुणनं घास घेतला होता, तो पानात ठेवला. तोंड उघडलं आणि आतून भलतंच आलं. "आवय आसा. बापूय आसा. धाकटी भयण..."

त्यानं जीभ चावली. आता हसणार, म्हणून मान खाली घातली. कोणी हसलं नाही. दुर्गाबाईला त्यातलं फारसं समजलं नव्हतं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"सांग," ती म्हणाली. "तुला येतं तसं सांग. मी ऐकते."