आसन चढवा, तेज वाढवा!

"बोला, किरणानंद महाराज की..."

"जय!"

रंकाळा तलावाजवळच्या मंगल कार्यालयात मुंगी शिरायला जागा नव्हती. खिडक्यांवर काळे पडदे, भिंतींवर काळं कापड. मधोमध वायरीला लोंबणारा एकच बल्ब, तोही कमरेइतका खाली. त्याच्या बरोबर खाली, फरशीवर, एक छोटं यंत्र. महाराज त्याला 'तेजोमापक' म्हणत. फोटोवाले त्याला लाइट मीटर म्हणतात, पण त्यांच्यापुढं कोण नारळ फोडतंय?

कुरुंदवाडच्या मल्लव्वा यंत्राशेजारी बसल्या होत्या. मागं सून विद्याश्री, लग्नाचे फोटो काढणारी. सासूचा एक डोळा कधीचाच गेलेला. उरलेल्यात दोन वर्षांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन सोमवारी. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता थांबू नका. मल्लव्वांचं एकच, "आधी महाराज काय म्हणत्यात बघू."

यंत्र म्हणालं: नव्वद.

"अरेरे, माई! आत्मतेज फक्त नव्वद!"

गर्दी चुकचुकली. महाराजांनी डोळे मिटून मंत्र पुटपुटला. त्यात संस्कृत कमी, शिंका जास्त. मग गरजले, "माईंचं पुण्य जागं झालं! मान करा त्यांचा! आसन चढवा!"

सेवकांनी यंत्र उचलून चौरंगावर ठेवलं. मल्लव्वांना खुर्ची दिली, खांद्यावर शाल घातली.

यंत्र म्हणालं: तीनशे साठ.

टाळ्या, शिट्ट्या! आता मान करायचा म्हणजे उंचावर बसवायचंच. त्यात संशय कसला घ्यायचा?

"चौपट तेज! आता डोळ्याला शस्त्र लावाल तर सगळं सांडून जाईल!"

"ऐकलंस?" मल्लव्वा सुनेकडं वळल्या. "सोमवारचं डॉक्टरला न्हाय म्हणून सांग."

(भक्तांची गोष्ट इथंच संपते. ज्यांना पुरे झाली, त्यांनी प्रसाद घेऊन घरी जावं.)

विद्याश्री उठली. बल्बपासून फरशीपर्यंत तिनं विती टाकल्या. चार. चौरंगापर्यंत टाकल्या. दोन. तिला हसू आवरेना.

"महाराज, माझ्या सासूचं, अत्तीचं तेज वाढलंय न्हवं? मग यंत्र खाली ठेवलं तरीबी दिसंल की!"

महाराज नको नको म्हणेपर्यंत तिनं ठेवलंसुद्धा.

यंत्र म्हणालं: नव्वद.

"तुझ्या संशयानं उतरलं!"

"व्हय? मग ह्याचं बघू." दारातलं एक पायताण उचलून तिनं चौरंगावर ठेवलं आणि शेजारी यंत्र.

यंत्र म्हणालं: तीनशे साठ.

"कुणाचं हाय ते पायताण?" मागून कुणीतरी ओरडलं. "शाल घाला की त्याला!"

सगळं कार्यालय खदाखदा हसलं. महाराजांनी यंत्र हिसकावून विद्याश्रीपुढं धरलं. "बघा! या पापिणीजवळ आणताच आकडा निम्मा!"

"तिरकं धरलंसा म्हणून. सरळ धरा."

पुढच्या रांगेतल्या एका पैलवानानं महाराजांचं मनगट हलकेच सरळ केलं. आकडा चढला. महाराज उतरले.

मल्लव्वा मात्र खांद्यावरची शाल चाचपत होत्या. विद्याश्री त्यांच्याजवळ बसली.

"अत्ती, एका गोळ्याची भाकरी दुप्पट रुंद थापली तर काय हुतंय?"

"पातळ हुती. चौपट पसरती."

"उजेडाचंबी तसंच. दुप्पट लांब गेला की चौपट जागेवर पसरतोय, मग यंत्राच्या वाट्याला चौथा हिस्सा. चौरंगावर यंत्र दिव्याच्या निम्म्या अंतरावर गेलं, आकडा चौपट झाला. आणि तिरकं धरलं की ते उजेड झेलतंयच कमी. ह्यात तुमचं पुण्य न्हाय आन् माझं पापबी न्हाय."

मल्लव्वांनी शाल काढून घडी घातली. "मान कुणाला नको वाटतोय गं?" त्या हळूच म्हणाल्या. "चल. सोमवारी सकाळी लवकर निघायला पायजे."

तर मंडळी, चमत्कार दिसला की टाळीसाठी उचललेले हात क्षणभर तसेच ठेवा. दिवा तोच, माणूस तोच, मग बदललं काय, एवढं विचारा. न विचारता वाजवलेल्या टाळीपायी एक डोळा जाता जाता राहिला.

मंगळवारी डॉक्टरांनी पट्टी काढली. घरी येताच मल्लव्वांनी एकदा सगळीकडं नजर फिरवली आणि छताच्या कोपऱ्याकडं बोट केलं.

"ही एवढी जळमटं? त्या महाराजानं मला एक दिवस फसवलं, विद्या. तू 'घर लख्ख हाय' म्हणून दोन वरसं फसवत हुतीस!"