वलणीवरची डांगरी

यशोधरा ट्रॅक्टर दुरुस्त करते, हे केजच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांना तेवढं कळू नये, असं तिच्या नवऱ्याला, प्रवीणला वाटत होतं.

त्या रविवारी तिच्या नणंदेला, वनिताला बघायला नेकनूरहून मोहनराव येणार होते. मुलाचे वडील. स्थळ आणलं होतं त्रिंबकमामांनी, म्हणजे सासूबाई सरूबाईंच्या भावानं. बोलणी बरीच पुढं गेली होती, आता घर बघायचं तेवढं उरलं होतं.

सकाळी यशोधरा अंगणातल्या दगडावर गॅरेजचे कपडे घेऊन बसली होती. डांगरीच्या गुडघ्यावर ग्रीसचा हा मोठा डाग. त्यावर तिनं कोरडं पीठ चोळून ठेवलं होतं. पिठानं वंगण ओढून घ्यायचं, ते झटकून कोरड्या कापडावरच भांडी घासायचा साबण लावायचा आणि पाणी सगळ्यात शेवटी, अशी तिची रीत होती.

प्रवीण आतून आला. "यशे, हे कपडे आज नको ना. पाहुणे येणारेत."

"मग कवा धुऊ? रविवार तेवढाच मिळतो."

"धू, पण मागच्या बाजूला वाळत घाल."

"मागं ऊन येतं का? उद्या घालायचेत मला."

डागाला साबण लावून, कपडे तसेच बादलीत टाकून ती पोहे करायला आत गेली. तेवढ्यात मामांचा फोन आला, जीप स्टँडवर पोचली होती. प्रवीणची धांदल उडाली. त्यानं बादलीतली डांगरी आणि शर्ट उचलले, धुण्याच्या मशीनमध्ये कोंबले आणि झाकण लावून टाकलं. आत त्याचे शाळेत घालायचे तीन पांढरे शर्ट भिजत होते. तो शिक्षक होता. पण त्या घाईत ते त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पाहुणे आले, जयभीम झाला, पाणी झालं. मोहनराव मऊ बोलणारे गृहस्थ होते. वनिताला त्यांनी शिक्षण विचारलं, पुढं शिकायचंय का विचारलं. मग पोह्यांच्या बशा घेऊन यशोधरा आली, तसं ते म्हणाले, "सूनबाई काय करतात?"

"एका दुकानात हिशेब बघती," मामा घाईनं म्हणाले.

यशोधरानं प्रवीणकडं पाहिलं. तो फरशीकडं बघत होता.

"हिशेब न्हाई बघत, मामा," ती म्हणाली. "अमरनाथशेठच्या गॅरेजात ट्रॅक्टरचं काम करते. डिझेल मेकॅनिकचा आयटीआय केलाय मी."

मोहनरावांची नजर तिच्या नखांवर गेली. नखांच्या कडा काळ्या होत्या. तिनं हात मागं घेतला नाही.

"बाईमाणसाला असलं काम... घरच्यांना चालतं?"

"माझा पगार घरात चालतो. मग कामच कावून चालू नये?"

मामा उगीचच हसले. मोहनरावांनी पोहे संपवले, चहा घेतला. आमचा चारचौघांत वावर असतो, सोयरिकीत लोक नको ते विचारतात, असं काहीबाही बोलले आणि "कळवतो" म्हणून उठले. मामा दारात मागं राहिले. "आक्का, जमलेलं मोडलं बघ तुझ्या सुनेनं."

जीप गेली. प्रवीण तणतणत मागं गेला आणि त्यानं मशीनचं झाकण उघडलं. तिन्ही शर्टांवर काळे ओघळ.

"बघ!" ओला शर्ट घेऊन तो ओरडतच आला. "तुझ्या ग्रीसपायी उद्या शाळेत काय घालू? बास झालं. ते गॅरेज सोड."

"मशीनमध्ये कुणी टाकलं?"

त्यानं हातातला शर्ट उगीचच झटकला.

"मी टाकलं न्हाई. तुमी लपवायला गेलात, म्हणून तुमच्या शर्टाला लागलं. अन् गॅरेज मी सोडत नसते."

"आई, तू तरी सांग हिला."

सरूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या शिरूर कासारच्या. नवऱ्याबरोबर कैक वर्षं ऊसतोडीला गेलेल्या.

"सांगते, पण तुला," त्या म्हणाल्या. "जळका ऊस तोडून आले की काजळीनं लुगडं डांबरावानी व्हायचं माझं. तुला शाळंत घालायच्या दिवशी तुझा बाप म्हणला, असल्या लुगड्यानं फाटकाशी येऊ नको. मी मागं लिंबाखाली थांबले. तू वळून वळून बघत होतास. लई झोंबलं रे ते. आता हिला मागं थांबवू नको."

प्रवीणनं शर्टावरचा ओघळ नखानं खरवडून पाहिला.

"डाग निघंल," यशोधरा म्हणाली. "पण शर्ट घासायचे तुमी."

तो दगडावर बसला. ती शेजारी उभी राहून सांगत होती. "आता ओला हाय, पीठ लागायचं न्हाई. साबण थेट डागावर लावा. दातांचा जुना ब्रश घ्या. जोर नको, कापड विरंल. आता कढत पाणी." पहिला शर्ट धुऊन तो तारेवर टाकायला निघाला, तशी ती म्हणाली, "थांबा, उजेडात बघा आधी. डाग ऱ्हाऊन ऊन लागलं की पक्का बसतो." डाग राहिला होता. तो परत बसला. दोन शर्ट निघाले, तिसऱ्याच्या खिशाशी करडी सावली राहिलीच.

तोवर यशोधरानं डांगरी खळबळून पिळली आणि पुढच्या वलणीवर, रस्त्याच्या अंगाला, दोन्ही पाय सुटे सोडून वाळत घातली.

संध्याकाळी मामांचा फोन आला. मोहनराव फेरविचार करायला तयार होते. सुनेनं लग्नापुरतं काम सोडावं, पुढचं पुढं बघू. सरूबाई काही बोलायच्या आत वनितानं फोन घेतला.

"मामा, त्यांना सांगा, वहिनीनं लग्नापुरतं काम सोडलं, तर मीबी सासरी लग्नापुरतीच येईन."

पलीकडून फोन बंद झाला. प्रवीणला आधी हसू आलं, मग त्यानं कपाळाला हात लावला. सोयरीक मोडली ती मोडलीच. मामा पुढं बरेच दिवस फिरकले नाहीत. वनिताला वाईट वाटलं नाही असं नाही. मुलगा तिला फोटोत आवडला होता. ती त्या रात्री नीट जेवली नाही. पण बोललेलं तिनं मागं घेतलं नाही.

यशोधरा रोज पंजाबी ड्रेस घालून गॅरेजला जायची आणि तिथं आडोशाला कपडे बदलायची. सोमवारी तिनं घरूनच डांगरी घातली. प्रवीण चपला घालत होता, त्यानं वर बघितलं. "डबा घेतलास का?" एवढंच म्हणाला.

कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर चार माणसं होती. त्यातला एक मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "बघ बे, मिस्त्री आली!"

ती थांबली, वळली. "हो, आले. तुमचं काय बिघडलंय?"

तो चहाच्या कपात बघायला लागला. बाकीच्यांना हसू आवरेना. यशोधरा उत्तरासाठी थोडा वेळ थांबली, मग गॅरेजच्या रस्त्याला लागली.