रुसक्याने मला ओ दिली

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलंही नसेल. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आकाराने एखाद्या जाड पुस्तकाएवढा, वजनाने मात्र खांदा दुखवणारा. पुढे पाच बटणं, त्यातलं एक लाल. ते दाबलं की मी ऐकू लागतो आणि ऐकलेलं विसरत नाही. कारखान्यात मला गाणी वाजवायला बनवलं होतं. पण नशिबात पाखरं होती.

मला विकत घेतलं ते नकाशे काढणाऱ्या कचेरीतल्या एका तरुणाने. डोळे वाटोळे, मान सारखी इकडेतिकडे वळलेली, म्हणून त्याची थोरली बहीण त्याला पिंगळ्या म्हणायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं होतं. ती इस्पितळात परिचारिका होती. दोघांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. पिंगळ्याला सुट्टी मिळाली की तो मला खांद्याला अडकवून रानात जायचा. लांबचा आवाज नीट पकडता यावा म्हणून त्याने स्वयंपाकघरातलं एक मोठं खोलगट झाकण पळवलं आणि त्याच्या मधोमध माझा माइक बसवला.

"माझं झाकण कुठे गेलं रे?" ताई विचारायची.

"पाखरं झाकायला नेलंय," तो म्हणायचा आणि मार चुकवायला गॅलरीत पळायचा.

ते माझे खरे सुखाचे दिवस. तो माझी धूळ झटकायचा, कापसाच्या बोळ्याने माझं आतलं अंग पुसायचा आणि काम संपलं की न विसरता सेल काढून ठेवायचा. त्याचे मित्र माझं कौतुक करायचे. मी फुगून जायचो.

एका वर्षी तो मला घेऊन समुद्रापलीकडच्या एका बेटावर गेला. दोन दिवस होडी, मग तीन दिवसांची चढण. बेटाच्या मधोमध एक डोंगर होता. कायम ढगात डोकं खुपसलेला. झाडांच्या अंगावर शेवाळाची जाड गोधडी आणि पायाखाली कुजलेल्या पानांचा लगदा. तिथे एक लहानसा पक्षी राहतो. तो दुसरीकडे कुठेच नाही. तिथले लोक त्याला रुसका म्हणतात, कारण माणसाची चाहूल लागली की तो जो गप्प बसतो, तो बसतोच. पिंगळ्या नऊ दिवस त्याच्यासाठी ओल्या कपड्यांत बसला. दहाव्या दिवशी सकाळी रुसका गायला. रिकाम्या घागरीत पाण्याचे तीन थेंब पडावेत आणि चौथा वर उडावा, असा तो आवाज. मी तो जसाच्या तसा टिपला. गाणं संपताच पिंगळ्या माझ्यावर वाकून कुजबुजला. मी तेही टिपलं.

घरी आल्यावर त्याने कॅसेटवर 'ताईसाठी' असं लिहिलं. "ताई, ऐक ना. दहाच मिनिटं."

ताई नुकतीच इस्पितळातली रात्रपाळी संपवून आली होती. पाय सुजलेले. "रविवारी ऐकू रे, निवांत," ती म्हणाली.

तो रविवार गेला, पुढचाही गेला. महिन्याभरात पिंगळ्याला तापाने गाठलं आणि पाचव्या दिवशी तो गेला. शेकडो अनोळखी माणसांचे ताप उतरवलेले ताईचे हात त्याच्या कपाळावर तसेच राहिले. नंतर तिने मला त्याच्या मफलरमध्ये गुंडाळलं आणि कपाटाच्या माथ्यावर ठेवून दिलं. तिची माझ्यावर माया नव्हती असं नाही. माझ्याकडे बघणं तिला सोसत नव्हतं.

मित्रांनो, बावीस वर्षं मी तिथे पडून होतो. धुळीची मला भीती वाटली नाही. माझ्या पोटात एक निरोप होता आणि ज्या माणसासाठी तो होता, ते माणूस रोज खालून येत-जात होतं. हाताच्या अंतरावर. मला हाक मारता येत नव्हती. सांगा, याहून मोठी शिक्षा कोणती?

ताई नोकरीतून निवृत्त झाली. घराला रंग द्यायचा म्हणून कपाट हलवलं, तेव्हा मी तिच्या हाती आलो. तिने मफलर सोडला आणि घडी करून मांडीवर घेतला. दुसऱ्या दिवशी ती मला एका मेकॅनिककडे घेऊन गेली.

"सेल काढून ठेवले होते, म्हणून वाचला बघा हा," तो म्हणाला. "नुसता पट्टा सैल पडलाय." त्याने पट्टा बदलला आणि पाहायला म्हणून तीच कॅसेट लावली. आधी रुसका गायला. मग पिंगळ्याचा आवाज आला.

"ताई, ऐकतेस ना? हाच तो. पण असं ऐकून काही खरं नाही. पुढच्या खेपेला तुला घेऊनच येतो. बघच तू."

ताईने पदर तोंडाला लावला. मेकॅनिक शहाणा माणूस. खाली न पडलेला स्क्रू शोधत तो टेबलाखाली बराच वेळ वाकून राहिला.

तीनच महिन्यांनी ताई त्या बेटावर उतरली. वय साठीपुढे, गुडघे कुरकुरणारे, आणि खांद्यावर मी. वाट दाखवायला एक बाई मिळाली. पिंगळ्याला वर नेणाऱ्या म्हाताऱ्या वाटाड्याची ती मुलगी. म्हातारा आता नव्हता. ताई दर वळणावर दम खायला थांबायची. दुसऱ्या दिवशी ती एका सपाट दगडावर टेकली, तर वाटाडी हसली.

"ताई, हा दगड तुमच्या भावाने बसवलाय."

"काय म्हणतेस?"

"माझे वडील चिडायचे त्याच्यावर. पक्षी बघायला आलास की गवंडीकाम करायला? तो म्हणायचा, माझ्या ताईचे पाय दुखतात, ती येईल तेव्हा बसेल कुठे? वरपर्यंत असे सात दगड आहेत."

मलाही हे ठाऊक नव्हतं; उतरताना मी पावसामुळे पिशवीत बंद होतो. ताई दगडावरचं शेवाळ हाताने पुसत राहिली. पुढच्या प्रत्येक दगडावर ती बसली. दम लागला नव्हता, तिथेही बसली.

माथ्यावर चार दिवस नुसतं धुकं आणि शुकशुकाट. परतायचा दिवस उजाडला तेव्हा वाटाडी म्हणाली, "एकदाच वाजवा तुमची टेप. फक्त एकदा."

ताईने बटण दाबलं. माझ्या पोटातला रुसका बावीस वर्षांनी आपल्या डोंगरावर गायला. आणि समोरच्या झुडपातून उत्तर आलं! मित्रांनो, आयुष्यभर मी दुसऱ्यांचे आवाज ऐकले. मला ओ कुणी दिली नव्हती. मूठभर राखाडी पक्षी, गळ्याखाली पांढरा ठिपका. तो हातभर अंतरावर येऊन बसला. ताईने श्वास रोखला. मला वाटलं, मी जिवंत आहे.

पण त्याचे पंख थरथरत होते. तो माझ्या डोक्यावरून एकदा झेपावला, दोनदा झेपावला. चोच उघडी, छाती धपापत होती.

"बंद करा," वाटाडी हळूच म्हणाली. "त्याला वाटतंय, दुसरा कुणी त्याच्या घरात शिरलाय. मागच्या फांदीला घरटं आहे त्याचं. तो असाच झुंजत राहिला तर अंडी गार पडतील."

ताईचं बोट बटणावर होतं. दोनच सुरावटी उरल्या होत्या, की पुढे पिंगळ्याचा आवाज. तो आवाज या माथ्यावर, रुसक्याच्या साक्षीने ऐकायचा, एवढ्यासाठीच तर ती इतकी वर आली होती. मीही त्यासाठी तळमळत होतो. ती पक्ष्याकडे बघत राहिली, क्षणभरच. मग तिने बटण दाबलं. मी गप्प झालो.

रुसका थोडा वेळ भिरभिरला आणि घरट्याकडे गेला.

"चार दिवस वाजवलंही नाहीत, तर कशाला आणलंत हे ओझं?" वाटाडीने विचारलं.

"घेऊन येतो म्हणाला होता मला," ताई म्हणाली. "त्याला नाही जमलं. मग मीच घेऊन आले त्याला."

खाली उतरल्यावर वाटाडीच्या ओट्यावर तिने ती कॅसेट पुन्हा लावली, शेवटपर्यंत. "असाच बोलायचा, घाईघाईने," वाटाडी डोळे पुसत हसली. मग तिने पिंगळ्याच्या कितीतरी गोष्टी सांगितल्या आणि ताई भुकेल्यासारखी ऐकत राहिली.

आता मी ताईच्या टेबलावर असतो. पट्टा पुन्हा सैल होतोय, माझा आवाज जरा ओढल्यासारखा येतो. डोंगराची आठवण मला छळते. त्या एवढ्याशा जिवाने मला आपल्यातला समजून ओ दिली आणि मी त्याचा नव्हतो, ही सल जात नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, रानात गेलात तर पाखरांना खोट्या हाका मारू नका. वापरून झालं की आमच्यातले सेल काढून ठेवा, महिन्यातून एकदा धूळ पुसा. आणि घरातलं कुणी काही ऐकवायला आलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐका. आवाज मी कितीही वर्षं जपून ठेवीन. पण ज्याचा तो आवाज, त्याला तुमचं उत्तर नेऊन पोचवणं माझ्या हातात नाही.