बाबांच्या मुठीतला बल्ब

ताथवड्यातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. ऊर्जानाथ बाबांनी बल्बचं बूड मुठीत धरलं, डोळे मिटले आणि बल्ब भक्कन पेटला. ना वायर, ना होल्डर! टाळ्यांचा कडकडाट. वाजवणारे कोण, तर पीएच.डी. झालेले प्राध्यापक. मी तिथला कंत्राटी वायरमन. माझं डोकं फिरलं.

"ही प्राणऊर्जा! दोनशे चाळीस व्होल्टची!" बाबा गरजले. "परदेशातले शास्त्रज्ञ रांग लावून हायत. मी म्हनलं, थांबा, आधी ताथवडं!"

विभागप्रमुख काटकर सरांनी आठवडाभर बाबांची नाडी, ताप, खोलीतली हवा, सगळं मोजलं होतं. अठ्ठेचाळीस रीडिंग, सहा आलेख. बल्ब मात्र कुणी उघडला नव्हता.

"मिनल, हे तुझ्या प्रबंधात प्रकरण म्हणून घाल," सर म्हणाले. "नाहीतर प्रगती अहवालावर माझी सही विसर."

मिनल तीन वर्षं गाड्यांच्या बॅटऱ्यांवर संशोधन करत होती. वडील चाकणला कंपनीत कामगार. सही नाही म्हणजे फेलोशिप बंद, संशोधन खलास.

"तू धर की पोरी," म्हणत बाबांनी झोळीतून तसाच दुसरा बल्ब काढून तिला दिला. पेटला नाही.

"घराण्यात दोष हाय. आडनाव काय तुझं?"

कुणीतरी फिदकन हसलं. मिनलचा चेहरा तापला.

"आडनाव राहू द्या. तुमचा बल्ब मला द्या, माझा तुम्ही धरा. माणूस बदलला तर बल्ब तोच हवा, बाबा. एवढं पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं."

"शक्ती बिघडंल!"

"दोनशे चाळीस व्होल्टची शक्ती एवढ्यात बिघडते?"

"द्या की राव!" मागून पोरं ओरडली.

बाबांचा हात झोळीकडे सरकला. तेवढ्यात मिनलने त्यांच्या मुठीतला बल्ब हिसकावला, बुडाच्या दोन ठिपक्यांवर ओलसर बोट टेकवलं. पेटला! माझ्या हातात दिला. माझ्याही हातात पेटला.

"दादा, स्क्रूड्रायव्हर."

मी झाकण उचकटलं. आत बोटाएवढी बॅटरी.

"इन्व्हर्टर बल्ब," ती म्हणाली. "हाताने दोन ठिपके जोडले गेले की आतल्या सर्किटला वाटतं, लाइट गेली. मग बॅटरी सुरू होते. बाजारात कुठल्याही दुकानात मिळतो. मला दिलेला साधा होता."

"वातावरण अशुद्ध झालं!" म्हणत बाबा गाडीत बसून पसार.

काटकर सर जवळ येऊन कुजबुजले, "बाहेर बोलू नकोस. सही करतो."

"माझ्या कामावर करा, सर. गप्प बसण्यावर नको."

सरांनी पेन खिशात घातलं. अहवाल आजही त्यांच्या टेबलावर पडलाय. ती रोज सकाळी दारात उभी राहून विचारते, "सर, सही?"

म्हणून सांगतो. पदवी भिंतीवर टांगली म्हणून डोकं चालतंच असं नाही. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडू नका, हात पुढे करा. म्हणा, बल्ब इकडे द्या. आणि एखादी पोरगी तो मागत असेल, तर तिच्या शेजारी जाऊन उभे राहा. त्या दिवशी दोनशे माणसांत तिच्या शेजारी फक्त एक स्क्रूड्रायव्हर होता.