रावबहादुरांच्या कोटातला मी

मित्रांनो, मी एक जुना अर्धपुतळा आहे. प्लास्टरचा, छातीपर्यंतचा, कोट-टाय घातलेला. माझ्याखाली एक पितळी पाटी होती : ‘रावबहादूर विश्वंभरराव, संचालक’. पण मी रावबहादूर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण इतकी वर्षं मला कोणी विचारलं नाही आणि मला बोलण्याची सवयही नाही. सांगताना इकडचं तिकडे होईल कदाचित. या एका गोष्टीत मात्र मी चुकत नाही.

माझा जन्म पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात झाला. विदर्भातल्या एका जुन्या कोळसा कंपनीला आपल्या होऊन गेलेल्या संचालकांचे पुतळे बैठकीच्या दालनात मांडायचे होते. बाकीच्यांचे चांगले फोटो मिळाले. विश्वंभररावांचा एकच मिळाला. खाणीच्या तोंडाशी उभे, डोक्यावर मोठी हॅट, आणि हॅटच्या सावलीत सगळा चेहरा बुडालेला. दिसत होती ती फक्त भरघोस मिशी.

मूर्तिकार मोरूदादा तो फोटो उजेडात धरून थकले. पेणच्या त्या कारखान्यात एक रीत होती. डोळे उघडल्याशिवाय मूर्ती उंबऱ्याबाहेर जायची नाही, मग ती देवाची असो की खाणमालकाची. आता डोळे आणायचे कुठून? समोर बाबाजी माती मळत होते. ते खाडीकाठच्या मिठागरावर राबायचे. पावसाळ्यात मिठागरं बंद, म्हणून कारखान्यात मातीकामाला यायचे.

“बाबाजी, हात धू आणि इथं बस,” मोरूदादा म्हणाले.

“मी? कशाला?”

“तुला रावबहादूर करतो.”

“करा. पन मंग माती कोन मलंल?”

अख्खा कारखाना हसला. बाबाजी बसले. त्यांच्या कपाळावरून माझं कपाळ झालं, गालांवरून गाल. मिठाच्या चकाकीत जन्म काढून त्यांचे डोळे बारीक झाले होते. तेच डोळे माझ्या चेहऱ्यावर उघडले. मिशी तेवढी फोटोतली लावली. मातीचा नमुना झाला, त्यावरून साचा झाला, साच्यातून मी निघालो.

कंपनीच्या दालनात कोणालाही शंका आली नाही. तिथे पुतळ्यांकडे कोणी बघतच नसे. पुढे खाणी सरकारजमा झाल्या, दालन रिकामं झालं, आणि विश्वंभरराव मूळचे रोह्याचे म्हणून मला रोह्याच्या एका वाचनालयात धाडलं. सुरुवातीला हार मिळाले. मग कपाटावरची जागा मिळाली. मग माझ्या डोक्यावर ओल्या टोप्या वाळू लागल्या. एकदा पंखा पुसताना कोणाचा तरी कोपर लागला आणि नाकाचा शेंडा उडाला. त्याचं मला काही वाटलं नाही. मला सलत होती ती पाटी.

मग रोह्याजवळच्या वरसे गावची प्रतिक्षा आली. त्या कोळसा कंपनीच्या जुन्या संचालकांची माहिती ती गोळा करत होती. विश्वंभररावांचे पणतू रितेशराव त्यावर पुस्तक काढणार होते. पाटी वाचून तिला कोण आनंद झाला! तिने मायेने माझी धूळ पुसली आणि तिथेच बसून पुटपुटत लिहिलं : ‘कोळशाच्या धंद्याचं भविष्य न्याहाळणारी ही बारीक, करारी नजर...’

अगो, भविष्य कुठलं? मीठ!

पण मी कपाटावर गप्प. नाक दुरुस्त करायला तिने मला पेणला न्यायचं ठरवलं. एस.टी.त मला खिडकीपाशी बसवलं. कंडक्टर म्हणाला, “ताई, तुमचं अर्धं तिकीट. यांचं काय करू? हेपण अर्धेच आहेत.” नागोठणं मागे पडेपर्यंत गाडी हसत होती. मी मात्र खाडीकडे बघत होतो. कधी नव्हे ते मला बरं वाटत होतं.

कारखान्यात आता मोरूदादांचा नातू निकेश होता. त्याने माझं नाक भरलं. प्रतिक्षाने व्हिडिओ कॉलवर मला रितेशरावांना दाखवलं.

“नाक उत्तम,” ते म्हणाले. “पण डोळे असे मिचमिचे का? मोठे करून घ्या. संचालक वाटले पाहिजेत.”

“चहा येईपर्यंत होतं,” म्हणत निकेशने कोरणी उचलली.

मित्रांनो, तेव्हा मी पहिल्यांदा पेटलो. नाक गेलं, गेलं. डोळे देणार नाही! कोरणी पापणीला लागली आणि सटकली. ते मी केलं असं म्हणण्याचं धाडस मला होत नाही. पण मी मऊ पडलो नाही, एवढं खरं.

“ए निकेश! हात काढ तिथना.”

समोर एका गणपतीच्या सोंडेवर पॉलिश पेपर मारत बसलेली म्हातारी उठली. ती हौसा. तिने डोक्यावरून पदर घेतला.

“यो माजा बापूस हाय.”

“हौसाआजी, हे रावबहादूर. कोळशाच्या खाणीवाले.”

“कसला कोलसा? माज्या बापसाचा जलम मिठात गेला. डोले बघ त्याचे! आन ही मिशी कोनाची डकवलीव? त्याला मिशी व्हतीच कंदी?”

प्रतिक्षा जवळ आली. “आजी, त्यांचा फोटो आहे तुमच्याकडे? ताडून बघू.”

“फोटू असता तं मी अशी आले असते का गो धावत? त्यो गेला तवा मी लहान. तोंड इसरत चाललेली मी त्याचा.”

असं म्हणून तिने तळव्याने माझी मिशी झाकली. निकेशने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तेच कपाळ, तेच बारीक डोळे. त्याने कोरणी खाली ठेवली.

“आजोबा सांगायचे,” तो हळूच म्हणाला, “आम्ही एकदा मिठागरावरचा रावबहादूर केला. आम्हाला वाटायचं, म्हातारा गंमत करतो.”

फोनमधून आवाज आला, “असेल हो! पण कोण ओळखणार आहे? पानावर चेहरा तर पाहिजे ना!”

“यांनी ओळखलं,” प्रतिक्षा म्हणाली. “तुमच्या पणजोबांचा चेहरा मला सापडला नाही. मी तसंच लिहिणार.”

“मग पुस्तकावर तुमचं नाव येणार नाही.”

“नको येऊ दे.”

तिने फोन ठेवला. ते पुस्तक निघालं. विश्वंभररावांच्या पानावर हॅटवाला फोटो आहे आणि खाली ‘चेहरा उपलब्ध नाही’ असं छापलं आहे. प्रतिक्षाचं नाव कुठेही नाही. वाचनालयाने पाटी ठेवून घेतली आणि मला सोडलं. ती पाटी अजून कपाटावर आहे म्हणे, वर कोणीच नसताना.

माझी मिशी निकेशने काढली. या वेळी कोरणी सटकली नाही. मी आता खाडीकाठी हौसाच्या घरात, दाराकडे तोंड करून असतो. कोट-टाय तेवढा राहिला. तिची नात भाविका मला ‘सायब’ म्हणते, आणि हौसा तिला दटावते, “सायब नाय गो, पंजोबा हाय तुजा. पाया पड.”

मित्रांनो, जुनी वस्तू सापडली तर तिची धूळ जरूर पुसा, मोडलं असेल ते सांधा. पण पाटी वाचून निघून जाऊ नका, चेहऱ्याकडेही बघा. आणि तो कोणाच्या सोयीसाठी बदलायला कोणी निघालं, तर हौसासारखे आडवे या. मला कोणी कितीही कोट चढवो, माझे डोळे बारीकच राहतील. कोळसा मी कधी पाहिला नाही. मी मीठ पाहिलं आहे.