मी हलले नव्हते

मी एक जुनी शिडी आहे. आहे कसली, होते. आता माझ्या अंगावर दोनच पायऱ्या उरल्यात, आणि दोन पायऱ्यांच्या वस्तूला लोक स्टूल म्हणतात. म्हणोत बापडे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की शेवटी रडतात आणि आम्हाला जपा म्हणतात. मी रडणार नाही. मला जपलं नाही तरी चालेल, मी लाकूड आहे. मला सांगायचंय ते एका माणसाबद्दल, आणि ते गोड नाही. गोड ऐकायचं असेल त्याने आत्ताच उठावं.

मला घडवलं ते एका खडूस सुताराने. तो माणसांशी तिरसट वागायचा, पण लाकडाला कधी फसवलं नाही. दोन उभ्या बाजू, त्यांत खाचा पाडून पक्क्या बसवलेल्या पायऱ्या, मागे आधाराला दुसरे दोन पाय, आणि पाय फाकू नयेत म्हणून मधे दोरी. मला न्यायला रंगारी आला तेव्हा सुतार त्याला म्हणाला, "हिच्यावर हत्ती चढव. हत्ती घसरेल, पण ही हलायची नाही."

हे वाक्य ध्यानात ठेवा.

रंगाऱ्याला सगळा गाव दाजी म्हणायचा. कारण त्याच्या जोडीला कामावर त्याचा मेव्हणा होता, बायकोचा धाकटा भाऊ, आणि तो दिवसभर "दाजी, पुट्टी भिजवू का? दाजी, ती ओढायचा पत्रा कुठे ठेवलात?" असा ओरडत असायचा. मग घरमालकही दाजी म्हणायचे, दुकानदारही दाजी म्हणायचे. भिंती कोणीही रंगवतो. दाजीचं नाव होतं ते छतासाठी. छताला पांढरा रंग देणं म्हणजे खायचं काम नाही. मान मोडून वर बघायचं, हात डोक्यावर, रंग डोळ्यांत गळतो, आणि एक पट्टा जरी कमीजास्त झाला तरी दिवा लावला की दिसतो. दाजीच्या छतावर पट्टा दिसत नव्हता. रंगाचा दुसरा हात मारून झाला की छत असं दिसायचं जणू कोणी दूध सांडून पसरलंय, फक्त वरच्या बाजूला.

बाकीचे रंगारी शिडी सरकवायला खाली उतरत. दाजी उतरत नसे. माझ्या माथ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचा, मांड्यांनी मला आवळायचा आणि कंबरेच्या हिसक्याने मला चालवायचा. टक, टक, टक. मी चार पायांनी खोलीभर फिरायचे आणि वर दाजीचा ब्रश थांबायचा नाही. घरातली पोरं दारात गोळा व्हायची. त्या वर्षांत मला वाटायचं की मी जिवंत आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. सकाळी पहिल्यांदा चढताना दाजी माझ्या बाजूवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचा. मेव्हणा खालच्या पायरीवर पाय रोवून, दोन्ही हातांनी मला धरून उभा असायचा. तो म्हणायचा, "आहे." एवढंच. ते ऐकल्याशिवाय दाजीचा दुसरा पाय जमिनीवरून उचलला जायचा नाही. एकदा दोघांचं पुट्टीच्या गोणीवरून कडाक्याचं वाजलं, तोंड बघेनात एकमेकांचं. तरी दुसऱ्या दिवशी दाजीने ठोकलं आणि फुगलेल्या तोंडातून का होईना, "आहे" आलंच.

मग दाजीच्या पोटाचं ऑपरेशन झालं. माझ्यावर बसलेला असतानाच कळ आली, ब्रश खाली पडला, तो पोट धरून कसाबसा उतरला. त्याला दवाखान्यात नेलं आणि मला घरी आणून बोळात उभं केलं. पोटात काय झालं होतं ते मला समजलं नाही. ते कापून काढलं एवढं समजलं. माणूस वाचला. सगळे म्हणाले, सुटलो.

दाजी घरी आला तो भिंतीला धरत. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला ओल्या भिंतीला बोट लावू दिलं नाही, तो आता दोन्ही तळवे भिंतीला लावून चालत होता. मला वाटलं, चार दिवसांचं आहे. टाके निघाले. जखम भरली. व्रण इतका सरळ की दाजी म्हणाला, "डॉक्टर कुठेतरी रंगकाम शिकलेला दिसतोय." घरात हसले सगळे. ते त्या घरातलं शेवटचं हसू.

कारण जखम भरली आणि माणूस भरला नाही. दात घासून झाले की त्याला बसावं लागायचं. शर्टाची अर्धी बटणं लावायची, मग दम खायचा, मग उरलेली. झोपून उठला की आधीपेक्षा जास्त थकलेला. आणि चक्कर! मान वळवली की जमीन कलायची. वर बघितलं की अख्खी खोली गरगर फिरायची. आता तुम्हीच सांगा मित्रांनो, छत रंगवणाऱ्याने वर नाही बघायचं तर कुठे बघायचं?

लोक यायचे. लोकांना काय, चहा प्यायचा आणि तोंड उघडायचं. शेजारचे काका म्हणाले, "अजून आडवाच? माझ्या साडूचं याहून मोठं ऑपरेशन. पंधरवड्यात पत्ते कुटायला हजर!" दाजीची आत्या म्हणाली, "मनाचं असतं रे सगळं. मनावर घेतलं की उठतो माणूस."

दाजीची बायको कप उचलता उचलता म्हणाली, "मग आत्याबाई, तुमचे गुडघेही घ्या की मनावर."

आत्याबाई परत आल्या नाहीत. पण बोलून गेल्या ते घरात राहिलं. दाजीला स्वतःलाच वाटायला लागलं की आपण आळशी झालोय, नाटक करतोय. मला या बोलणाऱ्यांचा इतका संताप आहे की माझे पाय बोळात रुतलेले नसते तर मी एकेकाच्या डोक्यात पडले असते. व्रण दिसतो तोवर तुमची माया. व्रण फिका झाला की तुमच्या लेखी माणूस बरा. चक्कर तुम्हाला दिसत नाही, म्हणून ती नाही!

पुन्हा डॉक्टरकडे गेले. बायकोने घरी येऊन भावाला सांगितलं ते मी बोळातून ऐकलं. तपासण्या चांगल्या आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, काहीजणांना वेळ लागतो. किती, विचारलं तर म्हणाले, सांगता येत नाही. खरं बोलणारा तेवढा एकच भेटला, आणि तोही दाराकडे बघत बोलला, कारण बाहेर रांग होती.

बायको बाहेर गेली की दाजी बोळात यायचा. मला उघडायचा. पहिली पायरी चढायचा. दुसरी. मग हळूच मान वर करायचा, आणि लगेच डोळे मिटून माझ्या गळ्यात पडायचा. त्याचे हात बर्फासारखे गार आणि घामाने ओले. मला सगळं कळत होतं. एका संध्याकाळी बायकोने विचारलं, "शिडी जागेवरून हलवलीत का?"

"धूळ झटकली जरा."

ती बघत राहिली. 

मग एका वकीलबाईंच्या दिवाणखान्याचं काम आलं. त्यांना छत दाजीच्याच हातचं हवं होतं. बायकोने भावाला बाजूला घेतलं. "त्यांना वर चढू देऊ नकोस."

"ताई, मी कोण अडवणारा? ब्रश कसा धरायचा ते त्यांनी मला हाताला धरून शिकवलंय."

"मग आता तू त्यांना हाताला धर."

मेव्हण्याने प्रयत्न केला, नाही असं नाही. दिवाणखान्यात कागद अंथरून झाले, रंग ढवळून झाला, तेव्हा तो म्हणाला, "दाजी, आज मी चढतो. तुम्ही खालून सांगा."

"तू चढलास तर छतावर नकाशे उमटतील. बाईंना भूगोल शिकायचा नाहीये."

वकीलबाई हसल्या. मेव्हणाही हसला. आणि हसला तिथेच हरला. दाजीने दोनदा ठोकलं. मेव्हण्याने पाय रोवला, हात आवळले. "आहे."

दाजी चढला. प्रत्येक पायरीवर थांबत चढला. माझ्या माथ्यावर पोचल्यावर ब्रश बुडवला, कडेला निथळला, अगदी पूर्वीसारखा. आणि त्याने वर बघितलं.

मी हलले नव्हते. हे मी छातीठोकपणे सांगते. माझे चारही पाय फरशीवर होते, दोरी ताठ होती, मेव्हण्याच्या हातांनी मला इतकं घट्ट धरलं होतं की त्याची नखं पांढरी पडली होती. माझ्या अंगावरून माणूस खाली गेला आणि मी तशीच उभी राहिले. मला दोन हातांनी धरलं होतं. त्याला कुणीच धरलं नव्हतं.

दाजी कागदावर पडला होता, मनगट वाकडं, केसांत पांढरा रंग. वकीलबाई धावत आल्या. "चक्कर आली का तुम्हाला? बरे झालात म्हणून सांगितलंत ना मला?"

दाजी दात आवळून म्हणाला, "चक्कर नाही हो. शिडी हलली."

सगळ्यांनी मेव्हण्याकडे बघितलं. कारण धरलेली शिडी हलते ती धरणाऱ्याने सोडली तरच. मेव्हण्याने तोंड उघडलं. दाजीकडे बघितलं. चक्कर येते हे एकदा बाहेर फुटलं की दाजीला जन्मात कुणी छत देणार नाही, हे त्याला माहीत होतं. त्याने तोंड मिटलं, मग पुन्हा उघडलं.

"हो," तो म्हणाला. "माझा हात सुटला."

सकाळी रंगाच्या दुकानापुढे सगळे रंगारी जमतात, तिथूनच कामं वाटली जातात. तिथे ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. ज्याने सख्ख्या दाजीला पाडलं तो आपल्याला काय धरणार, असं म्हणून मेव्हण्याला कुणी जोडीला घेईना. तो गोदामात पोती उचलायला लागला. आणि दाजीला तरी कोण बोलावतंय? मनगट जुळलं, पण चक्कर होती तिथेच. एकाची लाज झाकायला खोटं बोलले आणि दोघंही उघडे पडले.

एका दुपारी बायकोने मला अंगणात नेऊन उघडलं. स्वतः चढली, अगदी माथ्यापर्यंत. वरून मला गदागदा हलवलं. मी हलले नाही. ती उतरली आणि ओट्यावर बसलेल्या दाजीपुढे जाऊन उभी राहिली.

"ही तर हलत नाही."

दाजीने जुळलेलं मनगट चोळलं.

"माझ्या भावाचा हात सुटला नव्हता ना?"

"नाही."

"मग जाऊन सांगा तसं दुकानापुढे."

"सांगितलं तर मला पुन्हा वर कोण चढू देईल?"

"आता तरी कोण चढू देतंय?"

 दाजी दुकानापुढे गेला नाही. आज जातो, उद्या जातो करत राहिला. तिथवर चालण्याची ताकद नव्हती हे खरं, आणि तोंड दाखवण्याची नव्हती हेही खरं. यातलं कुठलं जास्त खरं, ते मी कशी सांगू?

मग तो न्हाणीघरात पडला. उभ्याने अंगावर पाणी घेत होता, डोळ्यांपुढे अंधारी आली. बायकोने भावाला निरोप धाडला, त्यांना आंघोळीला बसायला काहीतरी करून दे. मेव्हणा करवत घेऊन आला. घरात लाकूड म्हणजे मीच होते.

त्याने मला अंगणात आडवं केलं. दाजी ओट्यावर बसून बघत होता. करवत माझ्या बाजूत शिरली तेव्हा दाजी म्हणाला, "शिडी हलली नव्हती."

करवत थांबली नाही. "माहीत आहे. माझ्याच हातात होती की."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोललात ना. तुमच्यावर मी काय बोलणार?"

"आता सांगू का सगळ्यांना?"

मेव्हण्याने भुसा फुंकला. "राहू द्या दाजी. पोती उचलायची सवय झाली आता. पोतं वर बघत नाही, खोटं बोलत नाही."

दाजी हसला नाही. मेव्हणाही नाही. माझ्या वरच्या पायऱ्या एकामागून एक बाजूला पडल्या. उरलेल्या दोन पायऱ्यांवर त्याने फळी ठोकली. सुताराने मला एकही खिळा मारला नव्हता. मेव्हण्याने मारले. मी त्याला दोष देत नाही.

मित्रांनो, शेवटी काहीतरी शिकवायचं असतं म्हणतात. मी एवढंच सांगते. आजारातून उठलेला माणूस थकलोय म्हणाला, तर तो थकलाय. फिरतंय म्हणाला, तर त्याच्यापुरती पृथ्वी खरोखर फिरते आहे. त्याला तुमच्या साडूची गोष्ट ऐकवू नका. त्याला खोटं बोलायला लावू नका. आणि धरायचं असेल तर माणसाला धरा, शिडीला धरून काही होत नाही. मला माहीत आहे, तुम्ही हे ऐकाल आणि विसराल. मोठेही विसरतात.

आता मी न्हाणीघरात असते. ओली, बुळबुळीत. पहिल्या पायरीला बुरशी धरली आहे. दाजी माझ्यावर बसून आंघोळ करतो, छताकडे पाठ करून बसावं तसा मान खाली घालून. त्या छताला ओल आली आहे, पोपडे सुटले आहेत. तो ते बघत नाही. बघू शकत नाही.

आंघोळ झाली की तो थोडा वेळ तसाच बसतो. मग माझ्या बाजूवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकतो. दाराबाहेर बायको उभी असते.

"आहे," ती म्हणते.

आता वर चढायचं नसतं. फक्त उभं राहायचं असतं. तेही रोज जमतं असं नाही.